‘उफ्’ म्हणायचं नाही, मग सांगायचं तरी कुणी?

मागच्या अंकात मी कुवेतमधल्या एका आजीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, पाच मुलगे, दुमजली घर, आणि आजीच्या खोलीत दिवसभर फक्त एक इथिओपियाची मुलगी, जिला आजीची भाषा कळत नव्हती आणि आजीला तिची. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी तिथे बारा वर्षं नर्स होते, त्यातली सात घरोघरी जाऊन ड्रेसिंग, इन्सुलिन, कॅथेटर असली कामं केली, त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या आहेत आणि काही वाचून, विचारून कळलेल्या. अरब जग म्हणजे एक गाव नाही हे लक्षात ठेवून वाचा, मोरोक्कोतला माणूस आणि कुवेतचा माणूस एकमेकांचं बोलणं पण नीट समजत नाहीत कधीकधी.

ताई, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की अरब देशांत एकही वृद्धाश्रम नाही कारण तिथे आईवडिलांना देवासारखं ठेवतात. खरंय का हे?
— एक वाचक, शारजा

नाही हो. आहेत. दार अल-मुसिन्नीन म्हणतात, म्हणजे म्हाताऱ्यांचं घर. इजिप्तमध्ये आहेत, जॉर्डनमध्ये आहेत, ट्युनिशियात सरकारी आहेत, लेबनॉनमध्ये तर चर्च आणि मुस्लिम धर्मादाय संस्था दोघांचीही जुनी जुनी आहेत, आखातात बहुतेक सरकार चालवतं. लोकसंख्येच्या मानाने कमी आहेत हे मात्र खरं.

कमी का, तर दोन गोष्टी आहेत आणि त्या एकात एक मिसळल्यात. एक धर्म. कुराणाच्या सतराव्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, सरळ सांगितलंय की आईबाप म्हातारे झाले तर त्यांना ‘उफ्’ सुद्धा म्हणू नका, झिडकारू नका, आणि पुढे प्रार्थना आहे की देवा, यांनी मला लहानपणी वाढवलं तशी तू यांच्यावर दया कर. आईबापांशी चांगलं वागणं याला तिकडे ‘बिर्र’ म्हणतात आणि न वागणं म्हणजे ‘उकूक’, ते मोठ्या पापांत मोजतात. हे पुस्तकातलं नाहीये फक्त, कुवेतमध्ये मी चाळिशीतल्या बँक मॅनेजरला आईच्या कपाळाचं आणि हाताचं चुंबन घेतल्याशिवाय घराबाहेर पडताना कधी बघितलं नाही. खोटं वाटायचं नाही ते, मनापासून असायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘ऐब’. लाज. शेजारी काय म्हणतील, मुलीच्या सासरचे काय म्हणतील. आईला वृद्धाश्रमात ठेवलं हे कळलं तर घराण्याचं नाव जातं म्हणून लोक सांगतात की हॉस्पिटलमध्ये आहे, उपचार चालू आहेत, आणि ते उपचार चार चार वर्षं चालतात. म्हणजे वृद्धाश्रम कमी आहेत यावरून घरात सांभाळ चांगला होतो असं नाही ठरत, वृद्धाश्रम कमी आहेत एवढंच ठरतं. मेसेज लिहिणाऱ्याने तिथेच उडी मारलीय.

आणि गंमत बघा. अरब देशांत मदर्स डे २१ मार्चला असतो, तो सुरू झाला १९५६ मध्ये इजिप्तमधून, मुस्तफा अमीन नावाच्या पत्रकारामुळे. का सुरू केला याची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ असते, एक विधवा बाई त्यांच्याकडे आली, तिने पोटाला चिमटा काढून मुलाला डॉक्टर केलं, त्याचं लग्न झालं आणि तो गेला तो गेलाच, साधी विचारपूस पण नाही. मग यांनी पेपरात कल्पना मांडली की आईसाठी वर्षात एक दिवस ठेवूया. म्हणजे ‘हल्लीची पिढी’ ही तक्रार कैरोत सत्तर वर्षांपूर्वीच छापून आली होती, तेव्हा ना मोबाइल ना नेटफ्लिक्स.

मॅडम, मी एमएसडब्ल्यू करतेय, माझा प्रोजेक्ट आहे अरब समाजातलं आधुनिकीकरण आणि ज्येष्ठांची हेळसांड. सर म्हणतात आधुनिकीकरण हेच कारण लिही. एवढं सोपं आहे का?
— एक विद्यार्थिनी

अगं, सोपं असतं तर सरांनीच लिहिलं असतं.

सर सांगतायत ती थिअरी जुनी आहे, काउगिल आणि होम्स या दोन अमेरिकन अभ्यासकांची, १९७२ ची. म्हणणं असं की औषधं सुधारली, कामाच्या पद्धती बदलल्या, लोक शहरात गेले, मुलं शिकली, आणि या चारही गोष्टींनी म्हाताऱ्यांची किंमत उतरली. यात तथ्य आहेच. पण त्यात एक गृहीत लपलंय की आधी सगळं छान होतं, त्याकडे नंतर येते.

आधी हे बघ की नक्की बदललं काय. गॅलिलीतल्या अरब गावांचं उदाहरण घे, म्हणजे इस्रायलमधल्या पॅलेस्टिनी नागरिकांचं. तिथे बापाचा शब्द चालायचा कारण जमीन बापाच्या नावावर, ऑलिव्हची झाडं बापाची, कुणाचं लग्न कधी आणि कुणाशी हे तोच ठरवणार, त्याच्यामागे सगळी भावकी, तिला ‘हमूला’ म्हणतात. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला, त्यानंतर बरीचशी जमीन गेली, १९६६ पर्यंत लष्करी अंमल, गावाबाहेर जायचं तर परवाना लागायचा, आणि पोरं गेली शहरात बांधकामावर मजुरीला. १९७६ मध्ये ३० मार्चला जमिनीसाठी जो संप आणि मोर्चे झाले, माणसं गेली त्यात, तो भूमीदिन अजून पाळतात. आता विचार कर, बापाकडे द्यायला जमीन नाही आणि मुलाच्या खिशात दर आठवड्याला मजुरीचे पैसे, मग घरात शब्द कुणाचा चालणार? याला नुसतं आधुनिकीकरण म्हणायचं का? जमीन घेतली गेली, त्याचा पण हा परिणाम आहे ना. प्रोजेक्टमध्ये हे लिही, सर रागावले तर रागावू देत.

आणि तिथे कुटुंबं फुटून लांब गेली असं पण नाहीये, ते लोक बापाच्या घरावर मजले चढवतात, खाली आईबाप, वर थोरला, त्याच्यावर धाकटा, सगळे एकाच जिन्याने येजा करतात पण चुली वेगळ्या. वरच्या मजल्यावर पाच नातवंडं आणि खाली आजोबा सकाळपासून एकटे, असं होऊ शकतं. इस्रायलमध्ये १९८८ पासून एक कायदा लागू आहे ज्यात घरी राहणाऱ्या परावलंबी ज्येष्ठांना काही तास मदतनीस मिळतो, सरकारी विम्यातून, अरब कुटुंबंही तो घेतात, आणि येणारी बाई बऱ्याचदा त्याच गावची असते. सुरुवातीला म्हणे लाज वाटायची परक्या बाईला घरात घ्यायची, आता नाही वाटत तेवढी. २००४-०५ मध्ये तिथे देशभराची पाहणी झाली, ज्यू आणि अरब दोन्ही धरून, त्यात १८.४ टक्के ज्येष्ठांनी सांगितलं की मागच्या वर्षभरात काही ना काही छळ सोसलाय, सगळ्यात जास्त ओरडणं-अपमान, त्यानंतर पैशांवरून लुबाडणं. जगाचा आकडा पण फार लांब नाही, जागतिक आरोग्य संघटना साठीच्या वरच्या सहातल्या एकाला त्रास होतो असं सांगते.

आखाताची गोष्ट वेगळी. कुवेतचं तेल बाहेर जायला लागलं १९४६ मध्ये, १९५७ मध्ये शहराभोवतीची जुनी मातीची तटबंदी पाडली. त्याआधीची घरं कशी, तर मधे अंगण, ‘होश’ म्हणतात, आणि भोवती खोल्या, त्यात आजी, सुना, विधवा आत्या, पोरंटोरं सगळी एकाच अंगणात, त्यामुळे आजी खोकली तरी चार जणांना ऐकू जायचं. मग आले व्हिला, सरकारी कर्जावर, एकेका कुटुंबाला एकेक, शहराबाहेर. प्रत्येक खोलीला एसी आणि एसी म्हटल्यावर दार बंद. मला तर नेहमी वाटतं की अंगण गेलं तिथे निम्मी सेवा गेली, कारण अंगणात सेवा कुणाला ठरवून करावी लागत नव्हती, ती येताजाता व्हायची. बंद दार उघडून आत जायचं म्हणजे ते काम होतं, आणि काम म्हटलं की ते कुणाचं हा प्रश्न येतो.

मग पोरांचं गणित. सौदीत १९७० च्या दशकात एका बाईला सरासरी सात मुलं व्हायची, आता दोनच्या जरा वर. आणि आयुष्य १९६० च्या सुमारास सरासरी पंचेचाळीसच्या आसपास होतं ते आता पंच्याहत्तरच्या पुढे गेलंय. यात लहानपणीचे मृत्यू कमी झाले हे मोठं कारण, पण पंच्याऐंशीची आजी, डायबेटीस, गुडघे गेलेले, विसरायला झालेलं, अशी दहा दहा वर्षं सांभाळायची वेळ आधी फार थोड्या घरांवर यायची. उलट्या बाजूने हात कमी झाले. इजिप्तचं बघ, १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि खेड्यांतली पोरं आखातात, इराकमध्ये, लिबियात गेली, आईला पत्र वाचता यायचं नाही म्हणून कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवायची. पैसे यायचे, मातीच्या जागी विटांची घरं झाली, पण आईला बाथरूमला न्यायला पैसे येत नाहीत ना, माणूस लागतो.

आता ते ‘आधी सगळं छान होतं’. तेलाच्या आधी कुवेतचे पुरुष मोती काढायला जायचे, उन्हाळ्याचे चार महिने बोटीवर. म्हणजे मुलगा घरी नसणं ही काही नवी गोष्ट नाही. म्हाताऱ्यांना कोण बघायचं? सून, लग्न न झालेली मुलगी, विधवा बहीण. त्यांना कुणी विचारलं नाही की तुला जमतंय का, आणि त्या चिडून म्हातारीला दोन ठेवून देत होत्या का हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे ‘पूर्वी छळ नव्हता’ हे वाक्य प्रोजेक्टमध्ये टाकू नको. पूर्वी मोजला नव्हता, एवढंच आपल्याला माहितीय.

सिस्टर, मी रियाधमध्ये एका घरी होम नर्स आहे. आजोबा अंथरुणाला खिळलेले, मुलगा त्यांच्यावर ओरडतो, कधी हात पिरगळतो, दोन वेळा जेवण न देता तसंच ठेवलं. पाठीवर बेडसोर वाढतायत, डॉक्टरकडे नेऊया म्हटलं तर नको म्हणतात. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्याच हातात. मी काय करू?
— नाव नको

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिलं हे समजून घ्या की तुम्ही बघताय तो तिथे गुन्हा आहे. सौदीत २०१३ मध्ये अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा झाला, त्यात मारणं तर येतंच पण घरातल्या माणसाच्या मूलभूत गरजा भागवायचं टाळणं, म्हणजे उपाशी ठेवणं, उपचार न करणं हेही अत्याचारातच धरलंय. मूळ कायद्यात शिक्षा एक महिना ते एक वर्ष कैद किंवा पाच हजार ते पन्नास हजार रियाल दंड, किंवा दोन्ही, अशी होती, पुढे त्यात बदल झालेत. आणि ज्याला कळलं त्याने कळवायचं असं कायदाच म्हणतो, कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं, आणि चांगल्या हेतूने कळवलं असेल तर नंतर तक्रार खोटी निघाली तरी त्याला धरायचं नाही. फोन नंबर १९१९. त्यानंतर खास ज्येष्ठांसाठी अजून एक कायदा २०२२ मध्ये आला.

आता कागदावरचं बाजूला ठेवते आणि जे मी केलं असतं ते सांगते. व्हिडिओ काढू नका. मोह होतो, पुरावा वाटतो, पण आखातात परवानगीशिवाय कुणाच्या घरात शूटिंग करणं हा वेगळाच गुन्हा होतो आणि तो तुमच्यावर लागेल. वहीत लिहा, तारीख, वेळ, काय खाल्लं, किती लघवी झाली, जखम कुठे आणि केवढी, सेंटीमीटरमध्ये. हे नर्सिंगचं नेहमीचं रेकॉर्ड आहे, त्यावर कुणाला काही म्हणता येत नाही. ‘मुलाने मारलं’ असं लिहू नका, ‘उजव्या दंडावर निळा डाग, सकाळी नव्हता’ असं लिहा.

मग डॉक्टर. बेडसोरसाठी न्या म्हटलं तर नको म्हणतायत, पण ‘ताप आला, शुगर वाढली, काही झालं तर तुमच्यावर येईल’ म्हटलं की बहुतेक लोक नेतात, हा माझा अनुभव आहे. एकदा हॉस्पिटलच्या दारात गेलं की डॉक्टरला त्या जखमा दिसतातच, आणि तिथून कळवणं ही त्यांची जबाबदारी, मोठ्या हॉस्पिटलांत सामाजिक कार्यकर्त्या असतात त्यांना एकटं गाठा. तुम्ही एजन्सीमार्फत गेला असाल तर एजन्सीला पण लेखी कळवा, म्हणजे उद्या तो मुलगा उलटला आणि ‘नर्सनेच हेळसांड केली’ म्हणाला तर तुमच्याकडे काहीतरी असेल. आणि उलटतात हो. माझ्यावर एका घरी आला होता तो प्रसंग, आजीच्या पाठीचे व्रण मी आले त्या दिवशीच होते, पण पहिल्या दिवशी लिहून ठेवले नव्हते मी, आळस केला, आणि पुढे तीन महिने मान खाली घालून उत्तरं देत बसले.

घरात एखादी मुलगी आहे का, लग्न होऊन दुसरीकडे राहणारी? तिला गाठा. आखातात मी बघितलंय, मुलगे तोंड फिरवतात तिथे मुली भांडतात. २०१८ पासून सौदीत बायका गाडी चालवायला लागल्यात तेव्हापासून तर आईबापांना दवाखान्यात नेणं किती तरी मुलींनी स्वतःच हातात घेतलंय, आधी भावाची किंवा ड्रायव्हरची वाट बघत बसावं लागायचं. आधुनिकीकरणाच्या नावाने बोटं मोडतो ना आपण, हे पण त्यातलंच.

जीवावर बेतेल असं वाटलं, म्हणजे खाणंपिणं पूर्ण बंद, शुद्ध हरपतेय, तर बाकी काही न बघता अँब्युलन्स बोलवा, ९९७.

आईवडिलांना सांभाळलंच पाहिजे असा कायदा आहे का तिकडे?
— एक वाचक

आहे, आणि जुना आहे. गरीब आईबापांचा खर्च कमावत्या मुलांनी करायचा हे शरियतमधेच आहे, ‘नफका’ म्हणतात, पोटगीच ती, आणि बऱ्याच अरब देशांच्या कौटुंबिक कायद्यात आहे, बाप मुलावर दावा लावू शकतो. नवे कायदे वेगळे, ते ज्येष्ठांच्या हक्कांचे. ट्युनिशियाने १९९४ मध्ये केला, अल्जीरियाने २०१० मध्ये, कुवेतने २०१६, अमिरातीने २०१९, सौदीने २०२२, इजिप्तने २०२४. सौदीच्या कायद्यात मला एक कलम आवडलं, ज्येष्ठ माणसाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला वृद्धाश्रमात टाकता येत नाही, जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. ट्युनिशियात तर ज्याला कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना दुसऱ्या कुटुंबात ठेवायची योजना आहे, अनाथ मुलांना ठेवतात तशी, आणि त्या कुटुंबाला महिन्याला पैसे. अमिरातीने शब्दच बदलला, ‘वयाने मोठे’ म्हणायच्या ऐवजी ‘मोठे नागरिक’ म्हणायचं ठरलं २०१८ मध्ये. शब्द बदलून काय होतं म्हणाल तर फार नाही.

कायदा वापरतात का लोक? फारसा नाही. बाप मुलावर केस करत नाही. ‘सत्र’ असा एक शब्द आहे, झाकणं, देव आपलं झाकून ठेवो अशी प्रार्थनाच करतात. मुलगा मारतो हे सांगायचं म्हणजे आपण त्याला कसं वाढवलं हेच चव्हाट्यावर आणायचं. आरोग्य संघटनाच म्हणते की चोवीस प्रकरणांतलं एकच कुठेतरी नोंदलं जातं, तो आकडा जगाचा आहे, पण माझ्या बारा वर्षांत एकही आजी स्वतःहून बोलली नाही. विचारलं तर म्हणायच्या, मुलगा दमतो गं.

मस्कतमध्ये मी एका दुकानात हिशेब बघतो. म्हाताऱ्या मालकांनी मुलांना मुखत्यारपत्र दिलं आणि सहा महिन्यांत दुकान, गोडाऊन सगळं मुलांच्या नावावर, आता मालकांना चहाचे पैसे मागावे लागतात. हे तिकडे कॉमन आहे का?
— एक वाचक, मस्कत

सगळ्यात न दिसणारा छळ हाच आहे, कारण यात कुणी आवाज चढवत नाही. मुखत्यारपत्राला तिकडे ‘वकाला’ म्हणतात, आणि सर्वाधिकार असलेलं असेल तर त्यावर जवळजवळ काहीही विकता येतं. बाप सही का करतो, तर मुलावर विश्वास नाही असं म्हणणं पण ऐबच ना. इजिप्तमध्ये दुसरी तऱ्हा आहे, ‘हज्र’चा दावा, म्हणजे बापाची बुद्धी चालत नाही, त्याच्या मालमत्तेवर आमची नेमणूक करा असं मुलं कोर्टात मागतात. खरंच विसरायला झालेलं असतं तेव्हा तो दावा बापाच्या भल्याचा असतो आणि कधी कधी बाप दुसरं लग्न करायचं म्हणतोय एवढंच कारण असतं. विस्मरणाला बोलीत ‘खरफ’ म्हणतात, म्हातारचळ म्हणतो ना आपण तसं, त्यामुळे डॉक्टरकडे न्यायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

बक्षीसपत्राचं मात्र विचारून घ्या मालकांना. बापाने मुलाला दिलेली भेट परत घेता येते का यावर इस्लामी कायद्याच्या शाखांमध्ये मतभेद आहेत, शाफई, हनबली, मालिकी कमीजास्त अटींवर हो म्हणतात, हनफी नाही म्हणतात. त्यामुळे ओमानमधल्या वकिलाला विचारल्याशिवाय ‘आता काही होत नाही’ असं मानू नका. पण तुम्ही नोकर आहात, तुम्ही पुढे होऊ नका, कागद कुठे आहेत तेवढं मालकांना हळूच सांगा.

आणि मुलांनी काही केलं नाही तरी म्हातारे बुडतात हे लेबनॉनमध्ये दिसलं. जन्मभराची बचत बँकेत डॉलरमध्ये, २०१९ मध्ये बँकांनी पैसे अडवले, लिरा आधी डॉलरला पंधराशे होता तो पुढे नव्वद हजाराच्या आसपास गेला. खाजगी नोकरीवाल्यांना तिथे पेन्शनच नव्हती, एकरकमी मिळायचे, पेन्शनचा कायदा झाला २०२३ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे कालपर्यंत नातवंडांना खाऊला पैसे देणारे आजोबा आज परदेशातल्या मुलाच्या ‘फ्रेश डॉलर’ची, म्हणजे बाहेरून नव्याने आलेल्या, बँकेत न अडकणाऱ्या डॉलरची वाट बघतायत, हा शब्द तिथे रोजचा झालाय. ज्याला मुलगा परदेशात नाही त्याचं काय हे तुम्ही समजून घ्या.

अरब बायका नोकऱ्या करायला लागल्या म्हणून म्हाताऱ्यांचे हाल होतायत असं माझे मिस्टर म्हणतात, ते दोहात असतात.
— एक वाचक

मिस्टरांना विचारा, त्यांच्या आईला शेवटचं जेवण त्यांनी स्वतः कधी भरवलं. रागावू नका, पण हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. सौदीत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण थोड्या वर्षांत दुपटीच्या आसपास वाढलं, तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं, हे खरं. पण कुराणात जबाबदारी टाकलीय ती मुलावर. सुनेवर सासूसासऱ्यांची सेवा बंधनकारक नाही, केली तर तिचा चांगुलपणा, असं अनेक मुफ्तींनी फतव्यांत सांगितलंय. मग इतकी वर्षं मुलाचं पुण्य सुनेच्या हाताने जमत होतं आणि आता सून ऑफिसला जाते तर ते खद्दामाच्या हाताने जमतंय, म्हणजे कामवालीच्या. मुलगा दोन्ही वेळा दिवाणियात मित्रांबरोबर चहा पीत बसलेला.

आणि खद्दामाचं कोण बघतं? कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांचा कायदा केला, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास आणि आठवड्याला एक सुट्टी. आजी रात्री चार वेळा उठते त्या घरात बारा तास कोण मोजतं. तिला कुणी शिकवलेलं नसतं उचलायचं कसं, वळवायचं कसं, गिळताना ठसका लागला तर काय करायचं. ती आलेली असते पोरं सांभाळायला म्हणून, विमानतळावरून घरी येईपर्यंत तिला सांगतात की ‘मामा’ला, म्हणजे घरातल्या आजीला, पण बघायचंय. झोप नाही, घरी तिची स्वतःची आई आजारी, पासपोर्ट कपाटात बंद. मग एखाद्या दिवशी तिचा हात उठतो, त्याची सीसीटीव्ही क्लिप फिरते आणि सगळा देश तिला शिव्या घालतो. हात उठला ते वाईटच, मी नाही म्हणत नाही. पण ती क्लिप बघताना मी नेहमी शोधते की मागे दाराजवळ घरातलं कुणी उभं आहे का. नसतंच.

फ्रान्समध्ये राहणाऱ्या अरब म्हाताऱ्यांबद्दल पण लिहा, माझा भाऊ लिऑनला आहे, तो म्हणतो एकेका हॉस्टेलमध्ये नुसते म्हातारे पुरुष राहतात.
— एक वाचक

त्यांना ‘शिबानी’ म्हणतात, मगरिबच्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेच्या, अरबीत पिकल्या केसांचा माणूस. साठ-सत्तरच्या दशकात मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियातून कारखान्यांत, खाणींत, रेल्वेत कामाला आले, एकटे, बायकामुलं गावाकडे, आणि कामगारांच्या हॉस्टेलमध्ये राहिले ते राहिलेच. आता गावी का जात नाहीत तर म्हातारपणी सरकार जो किमान भत्ता देतं तो हवा असेल तर वर्षातला बराचसा काळ फ्रान्समध्ये काढावा लागतो, आधी सहा महिने होते, २०२३ पासून नऊ केले. डॉक्टर पण इथेच. म्हणून नातवंडं तिकडे आणि आजोबा आठ-नऊ चौरस मीटरच्या खोलीत, जन्मभर पैसे पाठवलेल्या घरात ते पाहुणे. रेल्वेतल्या आठशेच्या वर मोरोक्कन कामगारांनी मात्र भेदभावाची केस लढली आणि २०१८ च्या जानेवारीत पॅरिसच्या अपील कोर्टात जिंकली, तोवर त्यातले काही गेलेही होते. इथे कुणा मुलाने छळलं असं नाहीये, त्यामुळे तुमच्या भावाला दिसतंय ते कुठल्या रकान्यात टाकायचं मला पण कळत नाही.

ताई, मी कुवेतमध्ये घरी ड्रायव्हर आहे, मालकांची आई मागे बसली की कधी कधी रडते. मला अरबी जेमतेम येतं. काय बोलू?
— एक वाचक, सालमिया

‘यम्मा, श्लोनिच?’ एवढंच म्हणा. यम्मा म्हणजे आई, श्लोनिच म्हणजे कशी आहेस. शेवटी च आहे, क नाही, बाईमाणसाला बोलताना कुवेती लोक च लावतात, क म्हणालात तर पुरुषाला बोलल्यासारखं होईल आणि ती रडता रडता हसेल, तेही चालेल. ती म्हणेल ‘अल्हम्दुलिल्लाह’, ते तर सगळेच म्हणतात, हाड मोडलेलं असलं तरी म्हणतात. मग थोडं थांबून परत विचारा. आणि गाडीतच विचारा, घरात नको.